सातबाऱ्यावर घरातील स्त्रीचे नाव कसे लावावे आणि ते कोणत्या रकान्यात असावे

2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातील शेतीच्या खातेदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण साधारण 14 टक्के होते. खुरपणी, लावणी आणि कापूस वेचणी कोणाच्या हातून होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई आणि भूसंपादनाचा मोबदला हे सारे खातेदाराच्या नावाने येते. प्रश्न केवळ पैशाचाही नाही. प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात विवाहित स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांच्या नावावर जमीन वा घर काहीच नव्हते, अशांपैकी 49 टक्के स्त्रियांनी पतीकडून मारहाण सोसली होती. ज्यांच्या नावावर दोन्ही होते, त्यांच्यात हे प्रमाण 7 टक्के होते. म्हणून हे काम कागदाचे असले तरी ते पुढे ढकलू नये. महाराष्ट्रात ते कसे करावे, ते पुढे सांगितले आहे.

प्रथम चालू सातबारा आणि खात्याचा आठ-अ उतारा, म्हणजे त्या खात्यावरील सर्व जमिनींची यादी, काढावा. सातबाऱ्यावर भोगवटादाराचा, म्हणजे बोलीतल्या कब्जेदाराचा, एक रकाना असतो आणि त्याच्या शेजारी ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ असा दुसरा रकाना असतो. अनेक घरांत वडील वारल्यावर मुलांची नावे पहिल्या रकान्यात लागतात, तर आईचे व बहिणींचे नाव ‘इतर अधिकार’ या रकान्यात जाते. ‘नाव लागले आहे’ असे घरात सांगितले जाते आणि ते खोटेही नसते. परंतु कर्ज काढताना किंवा विक्रीच्या वेळी त्या नावाला खातेदाराचे वजन मिळत नाही. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे दिसतात. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर असा आहे. अशा ठिकाणी जमीन सर्वांची असून नाव मात्र एकट्याचे असते, आणि एक-दोन पिढ्यांनंतर ती अक्षरे कशासाठी होती हे घरातही कोणाला आठवत नाही. नावापुढे छापलेल्या क्रमांकाच्या फेरफाराची, म्हणजे उताऱ्यातील बदलाच्या नोंदीची, नक्कल तलाठी कार्यालयातून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, घ्यावी. वारस म्हणून कोणाकोणाची नावे दाखवली होती, हे त्यात सापडते.

पती हयात असेल आणि जमीन त्याच्या स्वतःच्या खात्यावर असेल, तर वाट सोपी आहे. शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली 1989-90 च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचे आंदोलन चालवले. ज्या गावातील शंभर कुटुंबे आपल्या जमिनीचा काही भाग घरच्या लक्ष्मीच्या नावे करतील, ते गाव लक्ष्मीमुक्त ठरे, आणि जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे त्यांतले पहिले गाव. पुढे 1992 मध्ये शासनानेही परिपत्रक काढून, पतीने अर्ज केल्यास त्याच्या हयातीतच पत्नीचे नाव सहखातेदार म्हणून लावण्याची सोय केली. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यात गट क्रमांक, क्षेत्र आणि ‘भोगवटादार सदरी पत्नीचे नाव दाखल करावे’ असे स्पष्ट शब्द असावेत. खाते सामाईक असल्यास मात्र आधी वाटप करावे लागते. सर्व हिस्सेदारांची संमती असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 नुसार तहसीलदारांकडे अर्ज करून ते होते. जमीन वर्ग 2 ची, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी, असेल किंवा तिच्यावर बँकेचा बोजा असेल, तर अर्जापूर्वीच तहसील कार्यालयात आणि बँकेत विचारून घ्यावे.

लक्ष्मीमुक्तीची नोंद ही अधिकार अभिलेखातील नोंद आहे, मालकी हस्तांतराचा दस्त नव्हे, हे लक्षात ठेवावे. घरात भाऊबंदकी असेल किंवा पुढे वादाची शक्यता असेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र अधिक भक्कम ठरते. राहते घर किंवा शेतजमीन पत्नीला वा मुलीला बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. त्यावर स्थानिक अधिभार लागू शकतो, म्हणून एकूण रक्कम दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारावी.

पतीच्या किंवा वडिलांच्या निधनानंतरची वाट मात्र निराळी आहे आणि बहुतेक नावे याच वळणावर गळतात. हिंदू उत्तराधिकार कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. त्यानुसार मृत्युपत्र नसेल, तर विधवा, आई, मुलगे आणि मुली हे सारे प्रथम वर्गाचे वारस असतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्ये केली व केंद्राने 9 सप्टेंबर 2005 पासून. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. मुस्लिम कुटुंबांत वारसाचे नियम वेगळे आहेत, त्यासाठी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

वारसाने निधनानंतर तीन महिन्यांत नोंदीसाठी कळवायचे असते. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे व पत्ते असलेले शपथपत्र आणि आधारची प्रत जोडून अर्ज तलाठ्याकडे किंवा शासनाच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर करावा. हा अर्ज शक्यतो विधवेने स्वतः करावा, दिरावर किंवा मुलावर सोपवू नये. कारण वारसांची यादी अर्ज करणाराच लिहितो, आणि ‘ती तर सासरी नांदते आहे’ एवढ्या कारणावरून बहीण त्या यादीतून वगळली गेल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. अर्जानंतर सर्व संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. नोटिशीवर न वाचता सही किंवा अंगठा देऊ नये. नोंद चुकीची प्रमाणित झालीच, तर प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येते. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली, त्यामुळे जुनी राहिलेली प्रकरणे काढण्यास तलाठी कार्यालये आता अपरिचित नाहीत.

हक्कसोडपत्राविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. भाऊ गाडी घेऊन येतो, दुय्यम निबंधक कार्यालयात सही होते, साडी-चोळी होते आणि संध्याकाळी बहीण सासरी परत जाते. माहेर तुटू नये म्हणून दिलेली ही सही नंतर मागे घेणे जवळजवळ अशक्य असते. स्वखुशीने हक्क सोडणारीला कोणी अडवू नये. परंतु सही करण्यापूर्वी तिने एवढे तरी पाहावे की, किती क्षेत्रावरचा हक्क जातो, तो कोणाच्या लाभात जातो आणि त्याच दस्तात आईचाही हिस्सा सुटत नाही ना. आईचा हिस्सा आईच्याच नावे ठेवणे हा अनेक घरांत निभणारा मध्यम मार्ग आहे.

कागद अडतात ते बहुतेक वेळा नावावरून. आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची रीत असल्यामुळे एकच स्त्री शाळेच्या दाखल्यावर सुमन, शिधापत्रिकेवर लक्ष्मीबाई आणि आधारवर सुमनबाई असते. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र आधीच करून ठेवावे, आणि सातबाऱ्यावर नाव लावताना ते आधारवरील नावाशी अक्षरशः जुळेल असे लावावे.

घरासाठी वेगळा अर्ज लागतो. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, पती-पत्नी दोघांची नावे लावण्याचे शासनाचे धोरण 2003 पासून आहे. अर्ज ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, द्यावा आणि पोच घ्यावी.

नाव लागल्यावर काम निम्मेच झालेले असते. बाजार समितीतील हिशेबपट्टी, कारखान्याचे ऊसबिल आणि दूध संस्थेचा पगार पूर्वीच्याच नावाने निघत राहिला, तर सातबारा केवळ कपाटात राहतो. म्हणून स्वतंत्र बँक खाते काढावे आणि ज्या मालाची विक्री शक्य असेल, त्याची पट्टी तिच्या नावाने करावयास सांगावी. अडत्याला सांगताना संकोच वाटतो तो पहिल्या एक-दोन खेपांपुरताच. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरील पिकाची नोंद, हीदेखील तिने स्वतःच्या मोबाइलवरून करावी.

फेरफार प्रमाणित झाल्यावर महाभूमी संकेतस्थळावरून 15 रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढावा आणि त्यातील रकाना, क्षेत्र, नावाचे स्पेलिंग व फेरफार क्रमांक बोट ठेवून तपासावे. लेखनाची चूक असेल, तर कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. तो त्याच आठवड्यात द्यावा, कारण पुढची प्रत्येक नोंद याच उताऱ्यावरून उतरवली जाते.