सिझरनंतरचा टॅप ब्लॉक: या चुका टाळा

"पोटात सुई तर देली होती, मंग दुखून कायले राह्यलं?" सिझरच्या दिवशी संध्याकाळी राउंडला गेलो की कोणाची तरी सासू हे विचारतेच. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आम्ही भूलतज्ज्ञ आधीच देत नाही, ही पहिली चूक.

टॅप ब्लॉकने, म्हणजे पोटाच्या स्नायूंच्या थरांमधे दिलेल्या भुलीच्या सुईने, पोटाची भिंत बधिर होते, गर्भाशय नाही. टाक्यांची आग कमी होते. पण बाळाला पाजायला घेतलं की गर्भाशय आकसून जी कळ येते, ती राहतेच. तिला पॅरासिटामॉल लागतं, आणि चालत असेल तर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. या गोळ्यांपुढे केसपेपरवर 'एसओएस' लिहू नका, वेळ लिहा. एसओएस म्हणजे दुखेपर्यंत थांबा, आणि आपली बाळंतीण डोळ्यांत पाणी येईपर्यंत बोलत नाही. सकाळी 11 ला दिलेला ब्लॉक रात्री 8-9 नंतर उतरू लागतो, नेमकी सिस्टरांची ड्युटी बदलते तेव्हा.

डोसची चूक मात्र जिवावर बेतू शकते. दोन्हीकडे 20-20 मिली 0.25 टक्के बुपिव्हाकेन (बधिर करणारं औषध) म्हणजे 100 मिलिग्रॅम. किलोला 2 मिलिग्रॅम धरले तर 50 किलोच्या बाईची मर्यादा तिथेच संपली. स्पायनलमधले (सिझरसाठी पाठीतून दिलेल्या भुलीतले) 10-12 मिलिग्रॅम आणि सर्जनने जखमेत सोडलेलं औषध वेगळंच. गरोदरपणात हे औषध रक्तात धरून ठेवणारी प्रथिनं कमी असतात, त्यामुळे मोकळं औषध जास्त फिरतं. म्हणून हिशेब भरल्या दिवसांच्या वजनावर नको. कानात गुणगुण, तोंडात धातूची चव, ओठ बधिर असं बाई सांगू लागली की ती औषध अंगात जास्त झाल्याची खूण; औषध थांबवा आणि त्यावरचा उतारा, 20 टक्के लिपिड (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण), हाताशी घ्या. पहिला डोस किलोला 1.5 मिली. एका ठिकाणी मे महिन्यात ही बाटली खिडकीजवळच्या कपाटात तापत पडलेली मी पाहिली आहे. तिला 25 अंशांच्या आत जागा हवी, आणि नागपूरच्या मे महिन्यात ती आपोआप मिळत नाही.

सोनोग्राफीच्या पडद्यावर स्नायूंचे तीन थर दिसतात. औषध आतल्या दोघांच्या मधे जायला हवं. आधी मिलीभर सोडून बघा: थर विलग होऊन काळी फट उघडली तर जागा बरोबर, स्नायूच फुगला तर सुई सरकवा. 2001 साली या ब्लॉकचं वर्णन झालं तेव्हा तो कमरेच्या बाजूचा त्रिकोण चाचपून देत. मशीन शेजारी उभी असताना आज तसं करण्यात कसली मर्दुमकी?

स्पायनलमध्ये मॉर्फिन दिलं असेल तर टॅपने फारशी भर पडत नाही. बिलात पडते, ते सोडा.

टॅपऐवजी क्वाड्रेटस ब्लॉक (कमरेच्या मागच्या स्नायूजवळ दिलेली अशीच सुई) असेल तर पहिल्यांदा उठवताना घाई नको. कधी मांडीतली ताकद थोडा वेळ जाते. आधी पलंगावर बसवून गुडघा सरळ करायला सांगा. दोन्ही पाय नीट उचलले, तरच बाथरूमकडे, आणि तेही कोणी हात धरून.