अज्ञात सेंद्रिय संयुगाची ओळख: विद्राव्यतेपासून क्रियात्मक गटापर्यंत

अज्ञात सेंद्रिय संयुग हाती आले की बरेच विद्यार्थी आधी द्रवणांक काढतात आणि तक्त्यात त्याच्याशी जुळणारे नाव शोधू लागतात. या घाईत फसगत होते, कारण बेन्झॉइक आम्ल आणि बीटा-नॅफ्थॉल हे दोन्ही स्थायू साधारण १२२ अंश सेल्सिअसला वितळतात, तर युरिया आणि सिनॅमिक आम्ल यांचे द्रवणांक १३३ अंशांच्या आसपास आहेत. म्हणून संयुगाचा वर्ग आधी ठरवावा.

वर्ग ठरवण्यासाठी विद्राव्यतेइतकी स्वस्त आणि बोलकी कसोटी दुसरी नाही, असे माझे मत आहे. सुमारे ०.१ ग्रॅम कोरडा नमुना बारीक करून ३ मिलिलिटर पाण्यात हलवावा. तो विरघळला तर द्रावण लिटमसने तपासावे. पाण्यात न विरघळल्यास ताजे नमुने घेऊन ५ टक्के सोडिअम बायकार्बोनेट, ५ टक्के सोडिअम हायड्रॉक्साइड आणि ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल यांत स्वतंत्रपणे तपासावेत. बायकार्बोनेटमध्ये फसफसून विरघळणारे संयुग बहुधा कार्बोक्झिलिक आम्ल असते. बायकार्बोनेटमध्ये न विरघळता हायड्रॉक्साइडमध्ये विरघळणारे संयुग बहुधा फिनॉल असते. आणि हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळणारे बहुतेक वेळा अमाइन असते. वरील बेन्झॉइक आम्ल आणि बीटा-नॅफ्थॉल येथेच वेगळे होतात, कारण पहिले बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड मुक्त करते आणि दुसरे तसेच पडून राहते. मात्र पिक्रिक आम्लासारखे, नायट्रो गटांमुळे तीव्र झालेले फिनॉलही बायकार्बोनेटमध्ये विरघळते, हे विसरू नये.

विरघळले की नाही याबद्दल शंका असेल, तर द्रावण गाळून घ्यावे आणि अल्कलीमधील गाळीव द्रावणात आम्ल किंवा आम्लातील गाळीव द्रावणात अल्कली घालावी. मूळ पदार्थ अवक्षेप म्हणून परत आला, तरच तो क्षार बनून विरघळला होता असे समजावे. ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि पुढचा सारा गोंधळ तिथून सुरू होतो.

यानंतर सोडिअम वितलन (नमुना सोडिअम धातूबरोबर तापवून वितळवणे) करून नायट्रोजन, सल्फर व हॅलोजन तपासावेत. सोडिअमचा तुकडा लहान असावा आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असलाच पाहिजे.

क्रियात्मक गटाच्या, म्हणजे संयुगाचे रासायनिक गुणधर्म ठरवणाऱ्या अणुगटाच्या, कसोट्या आता निवडूनच कराव्यात. फिनॉलसाठी उदासीन फेरिक क्लोराइड वापरतात, पण सॅलिसिलिक आम्ल जांभळा रंगही देते आणि बायकार्बोनेटमध्ये फसफसतेही, कारण त्यात दोन्ही गट आहेत. उदासीन संयुगात २,४-डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिनने पिवळा ते नारिंगी अवक्षेप आला, तर ते अल्डिहाइड किंवा कीटोन समजावे आणि मगच या दोहोंत फरक करणाऱ्या टोलेन्स अभिकर्मकाकडे (अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटकडे) वळावे. हा अभिकर्मक साठवून ठेवल्यास त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो, म्हणून तो ऐनवेळी बनवावा आणि वापरानंतर लगेच विरल नायट्रिक आम्ल घालून नष्ट करावा. प्राथमिक अ‍ॅरोमॅटिक अमाइनसाठी डायअ‍ॅझोकरण (नायट्रस आम्लाने डायअ‍ॅझोनिअम क्षार बनवणे) ० ते ५ अंशांच्या दरम्यानच करावे. तापमान वाढले की डायअ‍ॅझोनिअम क्षार विघटित होतो, अल्कलीयुक्त बीटा-नॅफ्थॉलशी होणारा नारिंगी-तांबडा रंग फिका पडतो आणि योग्य संयुग हातचे निसटते. प्रत्येक कसोटीबरोबर ज्ञात संयुगाची एक परीक्षानळी लावावी, म्हणजे अभिकर्मक जुना झाला असल्यास ते लगेच कळते.

शेवटी द्रवणांक किंवा उत्कलनांक तक्त्याशी ताडून पाहावा आणि एक अनुजात, म्हणजे त्या संयुगापासून बनणारा ज्ञात द्रवणांकाचा स्थायू, तयार करावा. उदाहरणार्थ, अ‍ॅनिलिनचा संशय असेल तर अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइडने अ‍ॅसेटॅनिलाइड बनवून ते गरम पाण्यातून पुनर्स्फटिकीकृत करावे. स्फटिक पूर्ण वाळल्यावर ते ११४ अंशांच्या सुमारास वितळले पाहिजेत. ओले स्फटिक त्याहून खाली वितळतात, म्हणून वाळवण्यात घाई करू नये.