मायक्रोसर्व्हिसेस करताना या चुका टाळा

नाशिकमध्ये सॉफ्टवेअरची कामे करताना एक घाई मला वारंवार दिसते: चार जणांची टीम असते, एकसंध प्रणाली नीट चाललेली असते, आणि तरीही तिचे दहा तुकडे केले जातात. नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारे असे छोटे स्वतंत्र प्रोग्राम म्हणजे मायक्रोसर्व्हिसेस. एकाच प्रोसेसमधल्या, म्हणजे एकाच चालू प्रोग्राममधल्या, फंक्शनला हाक मारण्यास काही नॅनोसेकंद पुरतात. तीच हाक नेटवर्कवरून गेली की हिशेब मिलिसेकंदांत करावा लागतो, आणि क्लाउडमध्ये कितीही पैसे मोजले तरी हा फरक मिटत नाही.

एका द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाउसमध्ये ऐन फेब्रुवारीत याची किंमत मोजावी लागली. कंटेनरची यादी उघडली की ६०० पेट्यांमागे बागायतदाराच्या माहितीसाठी ६०० वेगळ्या विनंत्या एकामागून एक जात. प्रत्येकीला ५ मिलिसेकंद धरले तरी ३ सेकंद झाले. हंगामाचा भार वाढताच माहितीची सर्व्हिस मंदावली, उत्तर वेळेत न आल्याने टाइमआउट होऊ लागले, आणि वरच्या तिन्ही थरांत ‘तीनदा प्रयत्न करा’ असे लिहिलेले असल्यामुळे खालच्या सर्व्हिसवर एका विनंतीच्या २७ होऊन आदळू लागल्या. आम्ही घाबरून इन्स्टन्स, म्हणजे सर्व्हिसच्या चालू प्रती, वाढवले, तर त्यांनी त्याच डेटाबेसवर आणखी कनेक्शन उघडली. फाटकाशी कंटेनर उभा होता आणि पॅकहाउसमधला मुलगा तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत होता.

शेवटी सगळ्या पेट्यांची माहिती एकाच विनंतीत मागवली, रिट्राय, म्हणजे पुन्हा प्रयत्न, फक्त सर्वांत वरच्या थरात ठेवला आणि दोन प्रयत्नांमधले अंतर वाढते व थोडे अनियमित केले. तेव्हापासून कोड लिहिण्याआधी मी विनंतीचा सगळा प्रवास कागदावर काढतो आणि प्रत्येक बाणावर मिलिसेकंद लिहितो. नवशिक्यांना हे वेळखाऊ वाटते, पण ही पायरी गाळणाऱ्यांचे काम मी तपासायलाही घेत नाही.

साखळीतल्या पाच सर्व्हिसेस प्रत्येकी ९९.९ टक्के वेळ चालू असल्या, तरी एकत्रित आकडा ९९.५ टक्क्यांवर येतो. म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटांच्या जागी साडेतीन तास बंद. म्हणून पावतीचा एसएमएस पाठवण्यासारखी कामे रांगेत टाकावीत, वापरकर्त्याला त्यांच्यासाठी ताटकळत ठेवू नये.

दोन सर्व्हिसेसनी डेटाबेसच्या एकाच टेबलात लिहू नये.

प्रत्येक विनंतीला पहिल्या दिवसापासून एक ट्रेस क्रमांक द्यावा आणि तो प्रत्येक सर्व्हिसच्या लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदींत, उमटवावा. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून त्या २७ विनंत्या एकाच क्लिकच्या आहेत हे कळायला पहाट झाली.