पहिल्या हिवाळ्यासाठी रॉकेल आणि हीटर घेताना

थंड मुलखात नवीन आलेली मंडळी मला आधी विचारतात, "रॉकेल स्वस्त कुठे मिळतं?" त्याआधी घराचा भाडेकरार काढून वाचा. काही करारांत रॉकेलच्या हीटरला मनाई असते.

परवानगी असेल तर एक हिशेब करा. एक लिटर रॉकेल जळलं की साधारण १० युनिट विजेइतकी उष्णता मिळते. लिटरचा भाव १० ने भागा आणि वीजबिलातल्या युनिटच्या दराशी ताडून पाहा. घरात गरम हवेचा एसी असेल तर तो एका युनिटात तीनेक युनिटांची उष्णता देतो (कडाक्याच्या थंडीत कमी), तेव्हा विजेचा दर तिसरा हिस्साच धरा. एवढ्यावरच काही घरांचा रॉकेलचा विचार मागे पडतो.

घ्यायचंच ठरलं तर सीलबंद लहान डबे टाळा, ते महाग पडतात. पंपावर स्वतःचा कॅन भरून आणा. कॅन फक्त रॉकेलसाठीच ठेवा. पेट्रोलच्या कॅनमध्ये थोडं पेट्रोल उरलं असलं तरी त्या मिश्रणाचा भडका उडू शकतो. रॉकेल पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. पहिल्या वर्षी घर सोडून जाणाऱ्या एका ओळखीच्यांकडून मी पिवळसर झालेले दोन कॅन अगदी कमी पैशांत घेतले. पंधरा दिवसांत वात काजळीनं कडक झाली, वर-खाली होईना, आणि नवी वात घालावी लागली. मागच्या हिवाळ्यातलं उरलेलं रॉकेल फुकट मिळालं तरी घेऊ नका.

हीटरचं म्हणाल, तर एका जागी बसून काम करणाऱ्याला पुढे ताप फेकणारा, मागे पत्रा असलेला हीटर पुरतो. सगळी खोली तापवायची असेल तर चारी बाजूंनी ऊब देणारा गोल हीटर घ्या. रॉकेलचाच, पण विजेच्या पंख्यानं गरम हवा फेकणारा हीटर सोयीचा खरा, पण वीज गेली की बंद पडतो. कलंडल्यावर आपोआप विझण्याची सोय नसेल तर तो हीटर घेऊच नका, लहान मुलं असतील तर मुळीच नको.

या साध्या हीटरांना धुराडं नसतं, जळलेली हवा खोलीतच राहते. लिटरभर रॉकेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. खिडक्यांना घाम फुटतो, कोपऱ्यांत बुरशी धरते. पण खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची. त्याला ना रंग, ना वास. तासातून एकदोनदा खिडकी उघडा, थंडी आत आली तरी चालेल. झोपताना हीटर विझवा. पेटत्या हीटरमध्ये रॉकेल ओतू नका. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हीटरबरोबर नव्हे, हीटरच्या आधी विकत घ्या.