जाड आर्ट पेपर प्रिंटरला भरवताना या चुका टाळा

ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटच्या कडेला काळी पट्टी आली, कोपरा खरवडला गेला किंवा कागद तिरका ओढला गेला, की पहिला दोष प्रिंटरला. 'सर्व्हिसवाल्याला बोलावू का?' अरे, आधी तो कागद टेबलावर ठेव, खाली वाक आणि कडेने बघ. कडा उचललेली दिसली तर सर्व्हिसवाला येऊन काय करणार?

झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो. हानेम्यूले या जर्मन कंपनीचा फोटो रॅग हा आर्ट पेपर, ३०८ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०८ ग्रॅम), जवळजवळ अर्धा मिलिमीटर, शिवाय पूर्ण कापसाचा. तो हवेतला दमटपणा पितो, फुगतो, वाकतो. शाई उडवणारं प्रिंट हेड कागदाच्या अगदी जवळून धावतं, त्यामुळे एवढासा उंचवटाही त्याला पुरतो.

एका पोराचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. फोटो कोकणकड्याचे, धुक्यातले, खरंच देखणे. सकाळी वेळ वाचावा म्हणून पठ्ठ्याने रात्रीच पाकीट फोडून सगळे कागद टेबलावर मांडून ठेवले. पुणं, जुलै महिना, खिडकी उघडी. सकाळपर्यंत कडांना लाटा आलेल्या. त्यात मीडिया टाइप, म्हणजे प्रिंटरला कागदाचा प्रकार सांगणारं सेटिंग, ठेवला ग्लॉसी. का, तर 'काका, त्यात काळा जास्त गडद येतो.' येतो, ग्लॉसी कागदावर! ग्लॉसी निवडलं की फोटो ब्लॅक, म्हणजे चकचकीत कागदाची काळी शाई येते, आणि ती याच्यासारख्या मॅट, बिनचमकीच्या कागदावर पडली की काळा राखाडी दिसतो. शिवाय ग्लॉसी म्हटल्यावर प्रिंटर कागद पातळ समजतो आणि हेड खालूनच चालवतो. पहिल्याच प्रिंटला हेड कडेवर घासलं आणि पांढऱ्या धुक्यात बोटभर काळा फराटा उमटला. मग यांनी काय करावं? उरलेल्या कागदांना इस्त्री! कागद एका बाजूने कोरडा पडला आणि लाटेऐवजी पन्हळ झाली. तेही कागद वाया.

माझी सवय सांगतो. पावसाळ्यात कागद पाकिटातच राहतो, सोबत सिलिका जेल, आणि लागेल तेवढाच बाहेर येतो. वाकलेला असेल तर दोन स्वच्छ कागदांमध्ये घालून, पुन्हा पाकिटात सरकवून, रात्रभर जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली. रोलचा तुकडा असेल तर पुठ्ठ्याच्या जाड नळीवर उलट दिशेने मिनिटभर सैल गुंडाळतो, मध्ये बटर पेपर. करकचून आवळलं तर कागदावरच्या शाई धरणाऱ्या लेपाला तडे जातात. मीडिया टाइप कागदाच्या कंपनीने प्रोफाइलसोबत (त्या कागदासाठीच्या रंगांच्या फाइलसोबत) सांगितलेलाच. तरी घासलंच तर प्लेटन गॅप, म्हणजे हेडखालची मोकळी जागा, सेटिंगमध्ये एक पायरी वाढवायची. थेट सगळ्यात रुंद ठेवून मोकळं व्हायचं नाही, बारीक तपशील मऊ पडतो.

दुसरा माझा जुना राग, काळ्या आभाळातले पांढरे ठिपके. लोक नोझल, म्हणजे हेडची शाईची बारीक छिद्रं, तुंबली समजून नोझल क्लीनिंग मारत सुटतात, शाई संपते, ठिपके तिथेच. ते ठिपके कापसाच्या तंतूंचे असतात. सुटा तंतू कागदावर पडलेला असतो, शाई त्याच्यावर पडते आणि प्रिंट हाताळताना तो गळून गेला की खाली कोरा कागद उघडा पडतो. कागद उभा धरा, रंगकामाचा मऊ, रुंद, कोरा ब्रश वरून खाली फिरवा, मग भरवा. घरी कापलेल्या कडांवरूनही फिरवा, तिथे सर्वात जास्त तूस असतं. तोंडाने फुंकर मारू नका. थुंकीचा बारीक थेंब लेपावर पडला की डाग कायमचा.

आता बाकीच्या, पटापट. एका वेळी एकच कागद. गठ्ठा लावून चहाला जाणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. कागद सरळ ठेवणारे बाजूचे गाइड कागदाला टेकू द्या, चिमटीत पकडू नका. मागून भरवताना रोलरने धरेपर्यंत बोटाने अलगद आधार द्या. ढकलला की तिरका गेलाच. कागद घसरत असेल तर रोलरवर लेपाची भुकटी बसलेली असते, किंचित ओल्या, तूस न सोडणाऱ्या फडक्याने पुसा. लेपाची बाजू ओळखायला ओलसर बोट कोपऱ्याला लावा, चिकटते ती लेपाची. नोझल चेक नेहमी साध्या कागदावर.

एप्सनच्या पी८०० किंवा त्याआधीच्या काही मॉडेलांवर दिवसभर एकदा मॅट, एकदा ग्लॉसी असं करू नका. दोन्ही काळ्या शाया एकाच नोझलमधून येतात आणि दर बदलाला शाई वाया जाते. मॅटचं सगळं काम एका बैठकीत उरका. पी७०० आणि पी९०० ला ही कटकट नाही.

राहता राहिला समास. जाड कागदाची सुरुवातीची आणि शेवटची पट्टी रोलरच्या पकडीत नीट नसते, हेड घासतं ते बहुतेक तिथेच. म्हणून कॅननच्या प्रो-१०० सारख्या मॉडेलांत 'आर्ट पेपर, मार्जिन ३५' असे आकार दिलेत, म्हणजे वर आणि खाली ३५-३५ मिलिमीटर सोडायचेच. ते टाळायला लोक दुसराच कागद निवडून ड्रायव्हरला, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, फसवतात. चार बोटं कोरा कागद वाचवायला अख्खा कागद पणाला लावायचा, हे गणित मला आजवर कळलेलं नाही. फ्रेम करताना तो समास माउंटखाली, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, जातोच.