मॅनेजरला काढलं, आता फॅनने काय करायचं

बातमी बहुतेक वेळा वाईट हरलेल्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी येते. काल रात्रीपर्यंत ज्या बेसबॉल मॅनेजरच्या नावाने बोटं मोडत होतो त्याला टीमने काढलं, आणि पोटात खड्डाच पडतो. माझ्या टीमने काढला तेव्हा मी महिनाभर तेच मागत होतो, ह्याला घालवा ह्याला घालवा, आणि बातमी वाचली तर डोळे भरून आले. तेव्हापासून दोनदा यातून गेलोय, तर मला जे उपयोगी पडलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे त्या दिवशी मत बनवूच नका. बेसबॉलचा मॅनेजर लांबचा माणूस नसतो हो, तो खेळाडूंसारखा युनिफॉर्म घालून डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेला टीम बसते तिथे, उभा असतो, सहा महिन्यांत 162 मॅच म्हणजे जवळजवळ रोज रात्री त्याचा चेहरा बघतो आपण, नातेवाईक पण इतके दिसत नाहीत. त्यामुळे राग, सुटल्यासारखं वाटणं आणि वाईट वाटणं हे सगळं एकदम आलं तर येऊ द्या, सगळं खरंच आहे.

दोन दिवसांनी कागद घेऊन बसा आणि त्याच्या हातात काय होतं ते वेगळं काढा. टीम बांधतो जीएम म्हणजे जनरल मॅनेजर, पैसे देतो मालक. मॅनेजरकडे लाइनअप (कोण कुठल्या क्रमाने खेळणार), बुलपेन (मागाहून आणायचे पिचर) आणि कोणाला कधी बाहेर काढायचं एवढंच. 2003 ला यांकीजविरुद्ध लीग फायनलच्या सातव्या, शेवटच्या मॅचमध्ये रेड सॉक्स 5-2 ने पुढे होते, आठव्या इनिंगमध्ये त्यांचा पिचर पेड्रो मार्टिनेझ दमलेला सगळ्यांना दिसत होता तरी मॅनेजर ग्रेडी लिटलने त्याला ठेवला, 5-5 झालं आणि अकराव्या इनिंगमध्ये यांकीजच्या एरन बूनने होम रन मारून संपवलं. लिटलचं काँट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. तो निर्णय त्याचाच होता, त्याच्यावर राग धरला तर चूक नाही. पण 1988 चे ओरिओल्स बघा. सीझनच्या पहिल्या सहाही मॅच हरले आणि मॅनेजर कॅल रिपकन सीनियरला काढलं, ज्याची दोन मुलं त्याच टीममध्ये खेळत होती. मग फ्रँक रॉबिन्सन आला आणि अजून 15 हरले, सलग 21! आता सांगा, दोष डगआउटमध्ये होता का? आपल्या टीमने रन किती केले आणि दिले किती तेही बघा. दोन्ही जवळपास सारखे असून एकेक रनने हरत असाल तर त्यात नशिबाचा भाग बराच असतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि फॅन नेमकं हेच विसरतात. का काढलं यापेक्षा कसं काढलं ते बघा. 1985 ला यांकीजचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर सीझनआधी म्हणाले होते की सुरुवात खराब झाली तरी टीमचा जुना कॅचर योगी बेरा मॅनेजर राहणार. 16 मॅच झाल्या, 6 जिंकल्या 10 हरल्या, आणि काढलं, तेही स्वतः न सांगता दुसऱ्याच्या हातून निरोप पाठवून. योगी 14 वर्षं यांकी स्टेडियममध्ये गेला नाही. ज्या माणसाने तिथे आयुष्य घातलं तो! 1999 मध्ये स्टाइनब्रेनर स्वतः न्यू जर्सीला जाऊन माफी मागून आले तेव्हा तो परतला, 18 जुलैला योगी बेरा डे झाला, डॉन लार्सनने पहिला बॉल योगीकडे टाकला, ज्याने 1956 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या फायनलमध्ये, योगीच्याच कॅचिंगवर परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर पोचू न देता पूर्ण मॅच) टाकला होता, आणि त्याच दिवशी यांकीजच्या डेव्हिड कोनने परफेक्ट गेम टाकला. मला हे दरवेळी लिहिताना काटा येतो. म्हणून टीमने माणसाला नीट वागवलं नसेल तर त्याचा राग मालकावर धरा, तो नव्या मॅनेजरवर काढू नका.

नव्या माणसाकडून लगेच चमत्कार मागू नका. होतो कधी कधी. 2022 ला फिलीजने 22-29 वर (22 जिंकल्या, 29 हरल्या) जो जिरार्डीला काढलं, त्याचा सहाय्यक म्हणजे बेंच कोच रॉब थॉमसन आला आणि टीम वर्ल्ड सिरीजपर्यंत गेली. 2003 ला मार्लिन्सने मे महिन्यात 72 वर्षांचा जॅक मकियॉन आणला आणि वर्ल्ड सिरीज जिंकली. पण 2025 ला रॉकीजने 7-33 वर बड ब्लॅकला काढलं, तरी शेवट 43-119 च झाला. टीमच तशी होती. तर निदान महिनाभर नुसतं बघा, आठव्या इनिंगमध्ये कुठला पिचर आणतो, तरुण खेळाडूची चूक झाली तर डगआउटमध्ये त्याच्याशी कसा बोलतो, हे रिझल्टपेक्षा आधी दिसतं.

आणि जुना मॅनेजर कधीतरी परत येतो, दुसऱ्या टीमच्या युनिफॉर्ममध्ये, तेव्हा मॅचला वेळेआधी जा. माझावाला दुसऱ्या वर्षी बेंच कोच म्हणून आला होता, अंपायरला लाइनअप कार्ड द्यायला होम प्लेटपाशी चालत गेला तेव्हा स्टँड अर्धे रिकामे होते, आम्ही काही जण उभे राहून टाळ्या वाजवत राहिलो. परत जाताना त्याने आमच्या बाजूला बघून टोपीला हात लावला.