‘गार्गॉइल’ लिहिण्याआधी त्याच्या तोंडात डोकावा: या चुका टाळा

दगडात कोरलेला आ वासलेला प्राणी दिसला की खाली ‘गार्गॉइल’ लिहून मोकळं व्हायचं, ही सवय मला अगदी असह्य होते. गार्गॉइल म्हणजे पन्हळीचं तोंड. छपरावरचं पावसाचं पाणी त्याच्या घशातून येतं आणि भिंतीपासून लांब पडतं. तसं झालं नाही तर पाणी भिंतीवरून ओघळतं आणि दगडांच्या सांध्यांतला चुना धुऊन नेतं. मान इतकी पुढे काढलेली असते ती त्यासाठीच. पाणी वाहून नेत नसेल तर ते नुसतं शिल्प. त्याला इंग्रजीत ग्रोटेस्क म्हणतात.

एकदा मुंबईच्या जुन्या इमारतींवरची एक पुस्तिका छपाईच्या आदल्या दिवशी माझ्याकडे तपासायला आली. तिच्यात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघसुद्धा ‘गार्गॉइल’ झाले होते! सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. दोघेही खांबावर बसलेले, डोक्यावर छप्पर नाही की मागे पन्हळ नाही. लिहिणारा मुलगा हुशार होता, पण घाईतला. नेटवर शब्द टाकला, पहिलं चित्र पाहिलं, झालं. ते चित्र होतं पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवरचं, गालांना हात लावून शहराकडे बघणाऱ्या शिंगवाल्या प्राण्याचं. तो गार्गॉइल नाहीच. व्हियोले-ल-द्युक या फ्रेंच वास्तुविशारदाने १९व्या शतकातल्या डागडुजीत असे प्राणी कठड्यावर नव्याने बसवले. त्यांना शिमेर म्हणतात. खरे गार्गॉइल त्याच चर्चच्या भिंतींतून माना काढून आहेत, पण त्यांचे फोटो कोण काढतो?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला दुर्बीण देऊन स्टेशनसमोर उभं केलं. छपाई दोन दिवस लांबली, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. माझी पद्धत सोपी आहे: आधी छपराची कड शोधायची, मग पाणी कुठून उतरेल ते बघायचं आणि शेवटी तोंडात भोक आहे का ते पाहायचं. भोक दिसेपर्यंत मी तो शब्द लिहीत नाही.

व्युत्पत्तीतही असाच उतावळेपणा दिसतो. फ्रान्समधल्या रुआं शहरात संत रोमानने ‘गार्गुय’ नावाचा ड्रॅगन मारला, त्यावरून हा शब्द आला, असं बेधडक छापतात. ती दंतकथा आहे, आणि छान आहे. पण जुन्या फ्रेंचमध्ये ‘गार्गुय’ म्हणजे घसा. ड्रॅगनलाच घशाचं नाव मिळालंय. गुळण्या करणं याला इंग्रजीत ‘गार्गल’ म्हणतात, तो शब्दही याच घरातला. घशात पाणी खळखळतं तो आवाज एकदा कानात बसला की अर्थ विसरणं अवघड.

‘गार्गल’ आणि ‘गार्गॉइल’ यांची अदलाबदल करू नका.

गार्गॉइल भुतंखेतं पळवायला बसवतात, हे एकमेव कारण म्हणून सांगू नका.

भाषांतरात ‘राक्षस’ नको, आणि ‘गोमुख’ही नको. गोमुखातून गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर येतं, छपरावरचं नाही. मी ‘पन्हळमुख’ लिहितो.